चालून तपासलेलं पुस्तक

"चालून पाह्यलं काय?"

हे विचारताना तो माणूस समोरच्याच्या तोंडाकडे बघत नसे, पायांकडे बघे. तुम्ही वाटेबद्दल काहीही बोला, अमुक गाव लांब आहे म्हणा, तमुक घाट अवघड आहे म्हणा, त्याची नजर आधी तुमच्या वहाणांवर जायची आणि मग प्रश्न यायचा. उत्तराची त्याला गरज नसे. वहाणा पाहूनच त्याचा निकाल झालेला असायचा.

मी एकदा आपलं सहज म्हणालो, "गुरुजी, जानेफळचा रस्ता आता चांगला झाला."

"चालून पाह्यलं काय?"

"नाही. परवा बैलगाडीनं आलो."

"मंग बैलालेच विचारा लागन," तो म्हणाला आणि पाठ फिरवून चालता झाला.

सगळे त्याला गुरुजी म्हणत. तोंडावर मीही म्हणत होतो. मनात मात्र तो कायम एकेरीच राहिला आणि इथंही मी तसंच लिहिणार आहे. मला तो आवडत नव्हता. माणूस गेला की आवडायला लागतो, असं पुष्कळ जण सांगतात. माझ्या बाबतीत तसं काही झालं नाही. तुमच्याही गावात असा एक जण असेलच, जो नेहमी बरोबर असतो आणि म्हणूनच नकोसा होतो.

चिखलीत तेव्हा एक लहानसा छापखाना होता. तिथं मी जुळारी होतो. खणातून शिशाची अक्षरं उचलायची, एकेक जुळवून ओळ करायची, ओळींचं पान करायचं. छापून झालं की पान मोडायचं आणि अक्षरं परत आपापल्या खणात टाकायची. आमच्याकडं हे खिळे बेताचेच होते. एक काम मोडल्याशिवाय दुसरं उभं राहत नसे. एवढं लक्षात ठेवलंत की माझा राग तुम्हाला समजेल.

हा माणूस पायवाटांची पुस्तकं लिहायचा. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं होतं आणि कचेरीत नकाशे यायचे ते नागपूरहून. त्यांच्यावर साहेबांच्या मोटारीला लागतील तेवढे रस्ते आणि साहेबांना उतरायला लागतील तेवढे बंगले असायचे. पायी जाणाऱ्यानं कुठून जावं, हे कुणी छापत नव्हतं. ते यानं छापायला घेतलं. कोणत्या चिंचेपाशी वळायचं, कोणता नाला कोणत्या महिन्यात ओलांडता येतो, कुठं सावली आहे, कुठं कुत्री वाईट आहेत. देवी काढणारे, फेरीवाले, बदली झालेले शिक्षक, जत्रेला निघालेले लोक ही पुस्तकं घेत. बुलढाण्याचे काही वकील तर रविवारी निव्वळ हौसेनं त्याच्या वाटा चालून यायचे. पुस्तकात खोट काढायला जायचे आणि हात हलवत परत यायचे.

आधी तो खेड्यातल्या शाळेत मास्तर होता. त्याची नोकरी गेली तीसुद्धा अंतरापायी. तपासणीला आलेल्या साहेबानं शेऱ्यात लिहिलं की शाळा चिखलीपासून तीन मैलांवर आहे. यानं साहेबाच्या देखत तो आकडा खोडून सव्वाचार केला. वर म्हणाला, "साहेब, तुमच्या घोड्यानं मोजलं, तुमी नाही." वरून माफीनाम्याची मागणी आली. यानं माफीनाम्याच्या जागी फर्लांगाफर्लांगाच्या खुणा केलेला कागद पाठवला. पुढच्या महिन्यात तो घरी बसला. घरी बसला हे म्हणायचं आपलं. तो दिवस आणि त्याचा शेवटचा दिवस यांच्यामध्ये तो घरी असा बसलाच नाही.

त्याच्या कोटाच्या उजव्या खिशात चिंचोके असायचे. शंभर पावलं झाली की एक चिंचोका उजव्या खिशातून डाव्यात. वाटेनं चालताना तो आकडे मोजत असायचा, त्यामुळं कुणी रामराम घातला तरी उत्तर देत नसे. डोणगावच्या पाटलांनी त्याला तीनदा रामराम घातला आणि तो तिन्ही वेळा नाकासमोर बघत पुढं गेला. पाटलांचा पारा चढला. कोतवाल धाडून त्यांनी त्याला चावडीवर आणवलं. पाटील काही बोलायच्या आत हाच कडाडला, "तुमच्या रामरामापायी मले आता मेहकरापासून पुन्हा मोजा लागन!" आणि खरोखर तो मेहकरला परत गेला. दुसऱ्या दिवशी डोणगाववरून पुन्हा मोजत आला तेव्हा पाटील घराच्या आत जाऊन बसले होते, असं लोक सांगतात.

हे सगळं ऐकायला गमतीचं वाटतं. मला नाही वाटायचं, कारण तो आमच्याकडं छापायला यायचा.

प्रूफ म्हणजे काय, तर पक्कं छापण्याआधी एक कागद ओढून लेखकाला द्यायचा आणि चुका काढून घ्यायच्या. बाकीचे लेखक बाकावर बसून, चहा पिऊन, अर्ध्या तासात प्रूफ परत देत. हा प्रूफ घडी करून खिशात घालायचा आणि निघून जायचा. "प्रूफ वाचाची गोष्ट नाही, चालाची गोष्ट आहे," म्हणायचा. म्हणजे ज्या वाटेबद्दल लिहिलं आहे ती वाट तो प्रूफ हातात धरून पुन्हा चालायचा. त्याला आठ दिवस लागायचे, कधी पंधरा. तोवर त्याची सोळा पानं माझ्या जुळणीच्या दगडावर बांधून पडलेली. मोडता येत नाहीत, छापता येत नाहीत.

एका माघात तीन घरांच्या लग्नपत्रिका आल्या. मी खण उघडून बघतो तर 'व' नाहीत आणि 'ळ' नाहीत. त्याच्या पुस्तकात पानोपानी डावीकडे वळा, उजवीकडे वळा. माझ्याकडं ना वर जुळत होता, ना वधू, ना वेळ, ना स्थळ. मालक माझ्यावर डाफरले. त्याच्यावर डाफरायची त्यांची छाती नव्हती, कारण चौथीत असताना त्यांनी त्याच्याच छड्या खाल्ल्या होत्या. मी वधूवरांच्या बापांची बोलणी खाल्ली. बारा दिवसांनी तो परत आला, अंगावर धूळ, आणि प्रूफात एकच दुरुस्ती: बोरीच्या दोन झाडांपैकी एक कोणीतरी तोडलं होतं.

"हे एका झाडासाठी?" मी म्हणालो.

"दोन झाडं पाहून वळणारा मानूस एका झाडापाशी चुकते बे," तो म्हणाला. मला तेव्हा त्याच्या डोक्यात शाईचा डबा घालावासा वाटला होता.

आता मुद्द्यावर येतो. चिखलीहून जानेफळकडं टेकाडांमधून जाणाऱ्या वाटेवर त्याचं चौथं पुस्तक होतं. माझी सासुरवाडी त्याच बाजूला, जानेफळच्या अलीकडं, एका टेकाडाच्या पोटात आहे. बारा-पंधरा घरं. तिचं नाव मी इथं लिहिणार नाही. का ते पुढं कळेल. वाडीला विहीर लागली नाही, खाली काळा पाषाण आहे. वाडीचं पाणी म्हणजे वाडीबाहेरच्या खडकातला एक झरा.

हस्तलिखितात मला चार ओळी दिसल्या. इथं उजव्या हाताला खडकात झरा आहे, पाणी गोड आहे, बारमाही आहे, वाटसरूनं इथं विसावा घ्यावा. तो पौषात तिथून गेला होता. प्रूफ घेऊनही पौषातच चालून आला आणि सही करून कागद परत दिला. मला फार आनंद झाला. ज्या गावाला तलाठीसुद्धा मनापासून जात नाही ते माझं सासर छापून येणार! सासू बाजाराला चिखलीत आली होती, छापखान्याच्या ओट्यावर टेकली होती. मी मोठ्या ऐटीत तिला त्या चार ओळी वाचून दाखवल्या.

तिचा चेहरा उतरला.

"जावईबापू, हे छापू नका," ती म्हणाली. "माह्या गावाले मारता काय?"

मला कळायला हवं होतं. मी जावई होतो त्या गावचा. होळी झाली की त्या झऱ्याची धार करंगळीएवढी होते, चैत्रात दोऱ्याएवढी, आणि वैशाखात थेंब. खडकातल्या खोलगट जागेत थेंब थेंब साचतो आणि बाया तो करवंटीनं उचलून हंड्यात घालतात. होळीपासून मिरगापर्यंत तिथं हंडा बुडवायचा नाही, असा वाडीचा कायदा आहे. प्रत्येक घराचा एक दगड ठरलेला. दगड ओळीनं मांडलेले असतात. ज्याचा दगड पुढं, त्याची पाळी. एक हंडा भरायला कधी कधी पहर जातो. वाडीत उन्हाळ्यात लग्न होत नाही. उन्हाळ्यात पाहुणा येणार असेल तर तो आपलं पाणी आपण घेऊन येतो. मी स्वतः वैशाखात सासुरवाडीला जाताना गाडीत दोन घागरी भरून नेल्या आहेत आणि वाटेत लोकांनी हसून विचारलं आहे, हा जावई चालला की पाणक्या? हे सगळं ठाऊक असून छापील अक्षर पाहून मी हुरळलो. जुळाऱ्यानं तरी छापील अक्षराला भुलू नये.

"लोकं येतीन," सासू म्हणाली. "बैल घेऊन येतीन. आमचं नाव कोनाले ठाऊक नाही, हेच आमचं पानी हाये."

मी त्याच्याकडं गेलो. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्याकडं काही मागायला गेलो. त्याच्या खोलीत एक खाट, एक कंदील आणि वहाणांचे तीन जोड होते. मी म्हणालो, गुरुजी, त्या चार ओळी तेवढ्या गाळा. वाडीची हकिगत सांगितली. सासूचं नाव काढलं.

"काऊन गाळू? झरा हाये का नाही?"

"आहे. पण थोडा आहे."

"थोडा हाये मंजे हाये. त्या वाटेवर नऊ मैल दुसरं पानी नाही. एखादा तिथी तहानेनं पडला, तं तुही सासू त्याले उचलाले जाईन काय? वाटेवरचं पानी लपवनं मंजे मानूस मारनं होय. मी मास्तरकी सोडली, पन खोटा आकडा सोडला नाही. तुह्या सासूसाठी सोडू?"

"गावाचं काय?"

"गाव मी नाही लिहिलं. वाट लिहिली. वाट कोनाच्या बापाची नसते."

मी परत आलो तेव्हा अंगाचा तिळपापड झाला होता. त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं, आणि तेच मला सहन होत नव्हतं. दुसऱ्या दिवशी फर्मा, म्हणजे बांधलेली पानं, यंत्रावर चढायच्या आधी मी ते पान सैल केलं, चार ओळी उचलल्या आणि त्या जागी दोन वेलबुट्टीची फुलं बसवली. सही केलेल्या पानाला जुळाऱ्यानं हात लावणं यापरतं आमच्या धंद्यात मोठं पाप नाही. मी ते शांतपणे केलं. पुस्तकं छापून, शिवून तयार झाली.

तो आला. पहिलं पुस्तक उचललं आणि थेट त्याच पानावर गेला.  मग माझ्याकडं पुस्तक धरून म्हणाला, "हे फुलं कोनाच्या मयतीची व्हय बे?"

मी खाली मान घालून खिळे टाकत राहिलो.

मालक आले. काय झालं, म्हणून विचारू लागले. माझी नोकरी गेलीच असं मी धरून चाललो होतो. "काही नाही," तो त्यांना म्हणाला, "माहीच एक गोष्ट राहून गेली." मग त्यानं तांबडी शाई मागितली, माझ्यासमोरच्या बाकावर बसला आणि प्रत्येक पुस्तकात, त्या फुलांच्या डोक्यावरून, त्या चार ओळी हातानं लिहिल्या. सगळ्या प्रतींत. अडीच दिवस तो माझ्यासमोर बसून लिहीत होता आणि अडीच दिवस मी त्याच्या टाकाची कुरकुर ऐकत होतो. त्यानं माझं नाव सांगितलं नाही, याबद्दल मी त्याचा ऋणी असायला हवा होतो. मी त्याचा आणखी द्वेष करू लागलो.

काळ्या छापील पानावर तांबड्या शाईनं लिहिलेलं कुणाच्याही नजरेत आधी भरतं. मी त्या ओळी ठेवल्या असत्या तर दहातल्या दोघांनी वाचल्या असत्या. आता सगळ्यांनी वाचल्या. त्या चैत्रात बैलबाजाराला जनावरं नेणाऱ्यांनी मोठा रस्ता सोडून ती वाट धरली. त्यांच्यातला एक जण वाचणारा असला तरी पुरतो. वीस-वीस बैल झऱ्यावर आले. बैलांना करवंटी कळत नाही. खडकातली जागा शेणानं भरली, ओळीनं मांडलेले दगड खुरांनी उधळले.

वैशाखाच्या तोंडावर सासू आमच्या दारात येऊन उभी राहिली. लेकीला मूल झालेलं नव्हतं, म्हणून तिच्या घरच्या पाण्याचा थेंबही न घेणारी ही बाई. दर खेपेला शेजारच्या घरून तांब्या मागवून प्यायची. ती आत आली, माठापाशी गेली आणि स्वतःच्या हातानं पाणी घेऊन उभ्या उभ्या दोन फुलपात्रं प्यायली. माझी बायको तिथंच भिंतीला टेकून रडायला लागली.

"पानी पेयाले आली मी, लेकीच्या घरी," सासू म्हणाली. माझ्याकडं तिनं बघितलंसुद्धा नाही. चार दिवस राहिली आणि झऱ्यावरची पाळी चुकते म्हणून परत गेली. बायको माझ्याशी कामापुरतंच बोलू लागली. छापखाना माझा नव्हता, पुस्तक माझं नव्हतं, पण तिच्या लेखी ते मीच छापलं होतं. माहेरची वाट तिला माझ्यामुळं लाजिरवाणी झाली होती.

पुस्तक मात्र खपलं. मालकांनी दुसऱ्या आवृत्तीचं काढलं आणि त्याला बोलावून घेतलं. तो दारातून आत आला आणि माझा तोल गेला. हातातली ओळ खाली टाकून मी उठलो. खिळे जमिनीवर सांडले.

"गुरुजी, तुम्ही बारमाही लिहिलं. वैशाखात चालून पाह्यलं काय?"

 त्याला आजवर त्याच्याच शब्दांत कुणी विचारलं नव्हतं. तो माझ्या तोंडाकडं बघत राहिला, पायांकडं नाही.

"खडकाले शेवाळ होतं," तो म्हणाला. "शेवाळ बारमाही पान्याबिगर धरत नाही."

"शेवाळ पाह्यलं. चालून पाह्यलं काय?"

 मालकांनी मला गप्प केलं आणि माझ्या वतीनं माफी मागितली. ती त्याच्या कानावर गेलीसुद्धा नसेल. तो उन्हात बाहेर पडला. दुपारचे बारा वाजत होते आणि त्याच्या हातात पाण्याचं भांडं नव्हतं. मी ते पाहिलं आणि हाक मारली नाही.

तो अकरा दिवस दिसला नाही. मग आला. ओठ फुटलेले, चेहऱ्याची साल निघालेली. बाकावर बसला नाही. उभ्यानंच माझ्यापुढं एक चिठ्ठी ठेवली. तांबड्या ओळींच्या जागी नव्या आवृत्तीत हे घालायचं होतं: 'येथे पाणी नाही. वाटसरूने चिखलीहूनच पुरेसे पाणी घेऊन निघावे.'

मी वाचलं. पुन्हा वाचलं. तिथं पाणी होतं, हे त्याला ठाऊक होतं आणि मलाही. 'थोडे आहे' असंही त्याला लिहिता आलं असतं. पण थोडं आहे म्हटलं की बैलवाला येतोच.

"प्रूफ कधी न्यायला येता?" मी विचारलं. 

"या ओळीचं प्रूफ लागत नाही," तो म्हणाला आणि गेला.

त्यानंतर तो माझ्याशी कधीही बोलला नाही. गावोगाव हिंडून त्यानं तांबड्या शाईची पुस्तकं परत मागितली आणि बदल्यात नवी दिली. किती परत मिळाली, ठाऊक नाही. पुढची पुस्तकं तो अकोल्याला छापायला नेऊ लागला. मालक हळहळले. मला माझे 'व' आणि 'ळ' परत मिळाले.

तो वैशाखात वाडीला गेला तेव्हा काय झालं, ते मला सासूकडून कळलं, तेही पुष्कळ दिवसांनी, दिवाळीत बायकोला पोचवायला गेलो तेव्हा.

"दुपारी आला," ती सांगू लागली. "आमी ओळखलं त्याले. पुस्तकवाला. कोनी बोललं नाही. खडकाच्या सावलीले बसला अन् आमचं पाहून राह्यला. मंग उठला, एक दगड आनला, वळीत तवा दोनच दगड उरले होते, त्यायच्या मागं ठेवला. कोनाचाच नव्हता तो दगड. आमी मनलं, ठेव. पाळी आल्यावर पाहू."

"तुम्ही पाणी दिलं त्याला?"

"नाही देल्लं. त्यानंबी मांगितलं नाही." तिनं हे सांगताना आवाज खाली आणला नाही. "दिवस बुडता बुडता त्याची पाळी आली. तो उठला. करवंटी हातात घेतली. त्याच्या मागून माह्या जाऊनं दगड ठेवला होता, तिची सून बाळंत झालेली. तिच्याकडं पाह्यलं त्यानं. करवंटी ठेवली, आपला दगड उचलला, टेकाडावरून खाली फेकून देल्ला अन् गेला. तशाच सुक्या तोंडानं."

पुढच्या हिवाळ्यात जे व्हायचं ते झालं. बुलढाण्याचे एक वकील हौसेनं त्या वाटेनं चालून आले. पौषाचा महिना, झरा मनगटाएवढा वाहत होता. वकील पोटभर पाणी प्यायले आणि त्यांनी एका साप्ताहिकात पत्र लिहिलं. गुरुजींच्या पुस्तकात जो झरा नाही त्याचं पाणी आपल्या पोटात आहे, असं त्यात होतं. शेवटी लिहिलं होतं: लेखक महाशयांनी हा मार्ग स्वतः चालून पाहिला आहे काय? मालकांनी ते पत्र छापखान्यात मोठ्यानं वाचलं. सगळे हसले. म्हातारा आता घरी बसून पुस्तकं लिहितो, असं चिखलीत जो तो म्हणू लागला. चावड्यांवर, दुकानांत, शाळांमधून त्याला ऐकवू लागला. एका आकड्यापायी ज्यानं नोकरी घालवली त्या माणसाला.

त्यानं उत्तर दिलं नाही. एका ओळीनं तो सुटला असता.

मीही काही बोललो नाही. बोललो तर वाडीचं पाणी उघडं पडेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. ती खोटी नव्हती. पण पुरती खरीही नव्हती. ते पत्र ऐकताना मला आतून थोडं बरं वाटलं होतं. याची लाज मला आजही वाटते आणि म्हणूनच मी हे लिहायला बसलो.

दोन वर्षांनी तो गेला. टाचेला जखम झाली, चिघळली, अकोल्याला हलवलं, तिथंच संपला. चिखलीहून चार माणसं गेली होती. मी गेलो नाही. काम आहे म्हणून सांगितलं. त्या दिवशी छापखान्यात काही काम नव्हतं.

मला तो आवडत नव्हता, हे मी सुरुवातीलाच सांगितलं आहे. आजही त्याच्या आठवणीनं कपाळाला आठी पडते. पण त्याची ती ओळ मी माझ्या हातानं जुळवली आहे, आणि जन्मभरात जुळवलेल्या ओळींपैकी मला पाठ आहे ती तेवढी एकच.

मग एका वैशाखात मी सासुरवाडीला होतो. सासू झऱ्यावरून येत होती, डोक्यावर हंडा, मागं मी. वाटेनं एक पोरगेलासा शिक्षक आला, नव्या बदलीचा असावा. खांद्यावर वळकटी, हातात ते पुस्तक, दुसऱ्या आवृत्तीचं. त्याच्या जवळची पाण्याची तुंबडी रिकामी झाली होती, ती चालताना पोकळ वाजत होती. त्यानं हंड्याकडं पाहिलं. ओल्या काठाकडं पाहिलं. आणि काही न मागता बाजूला होऊन पुढं निघाला.

सासूनं त्याला हाक मारली. हंडा उतरवला, दोन पाळ्यांचा तो हंडा, आणि त्याला ओंजळ धरायला सांगितली.

तो ओंजळ धरून अवघडून उभा राहिला. "पन माय," तो म्हणाला, "पुस्तकात तं लिहिलं हाये, इथी पानी नाही मनून."

"बरोबर लिवलं हाये," सासू म्हणाली. "नाहीच हाये. पे तू."